सगळ्यात ग्रेट बॉक्सर कोण आणि सगळ्यात भारी फाइट कुठली? (हेवीवेटवाल्यांचीच नावं सांगा, खालच्या वजनात काय दम नसतो)

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देऊन टाकतो. बॉक्सर म्हणाल तर शुगर रे रॉबिन्सन. फाइट म्हणाल तर मायकल कार्बाहाल विरुद्ध उम्बेर्तो 'चिकिता' गोन्झालेझ, १३ मार्च १९९३, लास वेगास. पण कंसात तुम्ही जे लिहिलंय ना, खालच्या वजनात दम नसतो, त्याच्यासाठी मी हे एवढं लिहायला बसलोय. मी ४८ किलोत खेळलोय आणि हे वाक्य मी बाहेरच्यांकडून नाही, स्वतःच्या सख्ख्या भावाकडून गेली चौदा वर्षं ऐकतोय.

दादा ९१ किलोत खेळायचा. दोघं एकाच क्लबात, एकाच सरांकडे शिकलो. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, उंच, आडवातिडवा, रिंगमध्ये चढला की लोक आधीच ओरडायला लागायचे. मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा एका स्पर्धेत आम्ही दोघंही फायनलला पोचलो. मला वजन बसवायला सहा दिवसांत तीन किलो काढायचे होते. ज्याने वजन काढलंय त्याला सांगायला नको, ज्याने नाही काढलं त्याला सांगून कळणार नाही. अंगावर प्लास्टिकचं जॅकेट चढवून पळायचं, दोरी मारायची, शेवटच्या दिवशी पाण्याचा घोट तोंडात घोळवून थुंकून टाकायचा. सकाळी काट्यावर उभा राहिलो तेव्हा ४७.९ भरलो. दादाला हे काहीच नाही, हेवीवेटवाला पोटभर जेवून काट्यावर चढतो, हे मी रागाने म्हणत नाहीये, तसंच असतं.

तर अठ्ठेचाळीसची फायनल सकाळी पहिली. हॉलमध्ये खुर्च्या मांडणं चालू होतं. माइक टेस्टिंग चालू होतं. बघायला कोण, तर पंच, डॉक्टर, दोन्ही कॉर्नरचे लोक आणि पुढच्या बाउटवाली चारपाच पोरं पट्ट्या बांधत बसलेली. समोरचा डावखुरा होता, त्यामुळे पहिले दोन राउंड मला माझा जॅबच (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) सापडेना, त्याचा पुढचा पाय आणि माझा पुढचा पाय सारखे एकमेकांत अडकत होते. तिसऱ्यात त्याचा डावा सरळ माझ्या नाकावर बसला आणि रेफ्रीने आठपर्यंत मोजलं. डोळ्यांपुढे सगळं पांढरं. सर कॉर्नरमधून फक्त एवढंच ओरडत होते, "पाय बाहेर, पाय बाहेर", म्हणजे माझा डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेव. चौथ्या राउंडला मी तेवढंच केलं. पाय बाहेर आणि उजवा सरळ मधून. दोन मिनिटांत तो तिथेच सहा-सात वेळा लागला. जिंकलो. आयुष्यात मी त्याच्यापेक्षा चांगलं काही खेळलो नाही आणि आमच्या घरातल्या एकाही माणसाने ते बघितलं नाही, कारण सगळे दुपारी दादाची फायनल बघायला निघणार होते.

संध्याकाळी दादाने समोरच्याला पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं, मिनिटभरसुद्धा लागलं नाही. हॉल भरलेला. लोकांनी खांद्यावर घेतला. घरी जाताना मी म्हटलं, दादा मी पण जिंकलो. तर हसून म्हणाला, "अरे तुम्ही टिचक्या मारता, ठोसे आम्ही मारतो."

टिचक्या.

आता मुद्द्यावर येतो. १३ नोव्हेंबर १९८२ ला रे मन्सिनी आणि किम डुक-कू लाइटवेटला खेळले. लाइटवेट म्हणजे ६१ किलो, रस्त्यात शेजारून गेला तर बॉक्सर आहे हे कळणारही नाही असा माणूस. किम चौदाव्या राउंडला पडला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने (जागतिक बेल्ट देणाऱ्या संघटनांपैकी एक) टायटल फाइट पंधरा राउंडवरून बारावर आणली, पुढे बाकीच्यांनाही आणावी लागली. अख्ख्या खेळाचा नियम ६१ किलोच्या दोन माणसांमुळे बदलला. ही फाइट मी कुठल्याही 'भारी' यादीत टाकणार नाही, माणूस गेलाय तिथे. फक्त टिचक्या हा शब्द परत कोणी माझ्यासमोर वापरू नये म्हणून सांगितलं.

कार्बाहाल-गोन्झालेझ मी निवडली त्यालाही हेच कारण आहे. लाइट फ्लाय, १०८ पौंड, म्हणजे ४९ किलो, म्हणजे जवळजवळ माझंच वजन. कार्बाहाल १९८८ च्या सोल ऑलिम्पिकचा रौप्यवाला, तोवर प्रोमध्ये एकही हरलेला नव्हता. दोघंही चॅम्पियन, एकाकडे आयबीएफचा (ही पण तसलीच संघटना) बेल्ट, दुसऱ्याकडे डब्ल्यूबीसीचा. कार्बाहाल दुसऱ्या राउंडला पडला, पाचव्याला परत पडला, डोळ्याजवळ फाटलं, पॉइंटवर मागे. आणि सातव्याच्या शेवटाला चिकिता दोरीला लागलेला असताना डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसला आणि खेळ खल्लास. 'रिंग' मासिकाने त्या वर्षीची सर्वोत्तम फाइट म्हणून हीच निवडली, हेवीवेटची कुठलीही नाही. चिकिताने पुढच्या दोन्ही फाइट पॉइंटवर जिंकल्या, हे पण सांगितलं पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल.

मी ही फाइट दादाला बसवून दाखवली. पहिल्या राउंडला मोबाइल बघत होता. दुसऱ्याला कार्बाहाल पडला तेव्हा मान वर केली. पाचव्याला मोबाइल खाली ठेवला. सातव्याला उठून उभा राहिला. आणि मग काय म्हणाला माहितीये? "हे दोघं मोठे असते तर काय मजा आली असती!"

हे "असते तर" माझ्या डोक्यात जातं. अरे ते मोठे नाहीत म्हणूनच तर हे दिसलं. नव्वद किलोच्या माणसाला एक मोठा हुक चुकला की श्वास घ्यायला दहा सेकंद लागतात, तो दुसऱ्याच्या गळ्यात पडतो, रेफ्री सोडवतो, परत तेच. एकोणपन्नासवाला चुकलेल्या हुकमागून लगेच तीन अजून टाकतो. सर म्हणायचे, वरच्या वजनात एका ठोशाखाली दहा चुका झाकल्या जातात, तुझी एकही झाकली जाणार नाही. वजनगट केलेत ते बारक्यांवर दया म्हणून नाही, वजन सारखं झालं की उरतं ते फक्त कोणाला किती येतं एवढंच, म्हणून केलेत.

आणि हेवीवेटवाल्याला वर चढायला जागाच नसते. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये फेदर (५७ किलो), वेल्टर (६६ किलो) आणि लाइट असे तिन्ही बेल्ट एकाच वेळी कमरेला ठेवले होते. तेव्हा वजनगट आठच होते, आतासारखे सतरा नाही, आणि प्रत्येकात ढीगभर बेल्टही नव्हते. १९४० मध्ये तो मिडलवेटचाही (७२ किलो) बेल्ट घ्यायला गेला आणि ती फाइट बरोबरीत सुटली. फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओने फ्लायपासून (५१ किलो) सुरुवात करून आठ वजनगटांत टायटल घेतली. अलीने हे केलं नाही कारण त्याला करता येण्यासारखं नव्हतं, त्याच्या वर कोणी नव्हतंच.

रॉबिन्सनचं म्हणाल तर, १९४३ मध्ये ओळीने चाळीस जिंकल्यावर तो पहिल्यांदा जेक लामोटाशी हरला, आणि लामोटा वजनाने मोठा होता. त्यानंतर आठ वर्षं कोणाशीच हरला नाही. लामोटाशी एकूण सहा वेळा खेळला, पाच जिंकला. १९५२ च्या जूनमध्ये यांकी स्टेडियममध्ये तो लाइट हेवी जोई मॅक्सिमशी खेळला, स्वतःपेक्षा सुमारे सात किलोने मोठ्या माणसाशी, चाळीस अंशाच्या उकाड्यात. दहाव्या राउंडनंतर रेफ्रीच उकाड्याने गळून बाहेर गेला, दुसरा आणावा लागला. रॉबिन्सन सगळ्यांच्या गुणांच्या कार्डवर पुढे होता, पण तेराव्यानंतर त्याला स्टुलावरून उठता आलं नाही. अख्ख्या करिअरमध्ये तो वेळेआधी हरला तो एवढ्या एकाच वेळी, आणि तेही ठोशाने नाही, उकाड्याने. मग १ मे १९५७, जीन फुलमर. फुलमर तोपर्यंत कधी नॉकआउट झाला नव्हता. रॉबिन्सनला ३६ पूर्ण व्हायला दोन दिवस होते. पाचव्या राउंडला मागे सरकता सरकता डावा हुक मारला आणि फुलमर गेला. मागे सरकताना एवढी ताकद कुठून येते हे मी आरशासमोर वर्षभर करून बघितलं, नाही जमलं.

आणि दादासाठी खास: अली स्वतः रॉबिन्सनला आपला आदर्श मानायचा. ते नाचणं, ते हात खाली ठेवून लांबून मारणं, ते त्याने वेल्टर-मिडलवाल्याचं बघून उचललं. दादा, तुझ्या सगळ्यात ग्रेट हेवीवेटचा गुरू ६६ किलोचा होता.

अजून बघायचंच असेल तर: हॅगलर-हर्न्स १९८५, तीनच राउंड आहेत, पण पहिला राउंड बघताना पापणी मिटू नका. साल्वाडोर सांचेझ विरुद्ध विल्फ्रेडो गोमेझ १९८१, फेदरवेट. सांचेझ पुढच्याच वर्षी २३ व्या वर्षी गाडीच्या अपघातात गेला, नाहीतर आज वरची यादी वेगळी असती. कोरालेस-कास्तियो ७ मे २००५, लाइटवेट, दहावा राउंड, त्यात काय होतं ते आधी वाचू नका. रिकार्डो लोपेझ, १०५ पौंड, ५१ जिंकल्या, एक बरोबरी, हार एकही नाही, त्याची कुठलीही फाइट लावा आणि फक्त पाय बघा. फ्लॉइड मेवेदरच्या ५०-० चं (पन्नास जिंकल्या, हार एकही नाही) मला कौतुक आहे, पण योग्य माणूस योग्य वेळ उलटल्यावर निवडायचा हेही त्यात आलं, म्हणून पहिल्या पाचात मी त्याला घेत नाही.

आता काही गोष्टी कबूल करायच्या राहिल्या. एक म्हणजे रॉबिन्सनचा वेल्टरवेटचा जो खरा बहराचा काळ, त्याचं चित्रण जवळजवळ उपलब्धच नाही, आपण सगळे मिडलवेटचा रॉबिन्सन बघून बोलतो. दुसरं, १९७५ ची मनिलाची अली-फ्रेझर मी वर घेतली नाही, ती हेवीवेट असूनही पहिल्या तीनात बसते, चौदा राउंड त्या उकाड्यात, फ्रेझरचा डोळा बंद, शेवटी त्याच्या कॉर्नरनेच थांबवली. म्हणजे हेवीवेट वाईट असं मी म्हणत नाहीये. तिसरं, बायकांचं बॉक्सिंग मी वर विसरलो ते चूक, केटी टेलर-अमांडा सेरानो, ३० एप्रिल २०२२, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पाचव्या राउंडला टेलर जवळजवळ संपली होती आणि तरी जिंकली.

आणि कधी स्पर्धा बघायला गेलात तर सकाळच्या पहिल्या बाउटला जाऊन बसा, खुर्च्या लागायच्या आत. तेव्हा अठ्ठेचाळीसवाले रिंगमध्ये असतात.