कट्ट्यावरचा व्हिडिओ आणि दुसरी टेकडी

प्रश्न : ताई नमस्कार. मी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत 31 वर्षं मोल्डिंगला होतो, आता रिटायर. सकाळी रंकाळ्याला चक्कर मारून झाली की आमचा कट्टा बसतो, त्यात एक रिटायर्ड हवालदार हाय. परवा कुणीतरी मोबाईलवर दक्षिण आफ्रिकेतला जुना व्हिडिओ लावला, मारिकाना म्हणून खाण हाय तिथला, संपातले कामगार पळत येत्यात आणि पोलीस धाडधाड गोळ्या घालत्यात. हवालदार म्हणाला, "भाले-कोयते घेऊन अंगावर आल्यावर पोलीस काय आरती ओवाळतील व्हय?" मी गप्प बसलो. खरं तर तरुणपणी संपात मी स्वतः गेटवर लाठी खाल्लीय, उजवं मनगट मोडलं, अजून गाठ हाय, आणि वर सरकारी कामात अडथळा म्हणून केस माझ्यावरच, पाच वर्षं तारखा केल्या. तरी व्हिडिओ बघून वाटलं हवालदाराचं बरोबर असंल. खरं काय?

उत्तर : काका, तुमचे हवालदार खोटं बोलत नाहीत, पण तो व्हिडिओ जिथं संपतो तिथंच ते थांबलेत.

16 ऑगस्ट 2012 ची गोष्ट. लोनमिन कंपनीची प्लॅटिनमची खाण, आणि संपावर गेलेले मुख्यतः खडक फोडणारे ड्रिलवाले, म्हणजे खाली अंधारात वाकून थरथरणारं जड मशीन दिवसभर छातीशी धरणारी माणसं. मागणी महिना 12,500 रँड (तिथलं चलन) पगाराची. मान्यताप्राप्त युनियनवर त्यांचा विश्वास उरला नव्हता (हे फौंड्रीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको), म्हणून ते थेट म्हणत होते, आम्ही जमलोय त्या टेकडीवर मॅनेजरने यावं आणि आमच्याशी बोलावं. बास एवढंच. मॅनेजर आला नाही. पोलीस आले.

हातात भाले, कोयते, काठ्या होत्या, हे खरं. त्याआधीच्या आठवड्यात 10 जण मेले होते, त्यात 2 पोलीस आणि 2 सिक्युरिटी गार्ड, हेही खरं आणि हे लपवून चालणार नाही, पोलीस घाबरलेले असणार चिडलेलेही असणार. दुपारी पोलिसांनी काटेरी तारा पसरायला सुरुवात केली, कामगार टेकडी उतरून निघाले, अश्रुधूर, रबरी गोळ्या, पळापळ, आणि एक घोळका रायफली घेतलेल्या तुकडीसमोर आला. कॅमेरे पोलिसांच्या बाजूला होते. तुम्ही बघितलं ते हे. काही सेकंदांचा खेळ, 17 माणसं गेली.

पण त्या दिवशी मेले 34. मग बाकीचे 17 कुठं गेले?

तिथून साधारण अर्धा किलोमीटरवर दगडधोंड्यांची आणखी एक छोटी टेकडी आहे. जीव घेऊन पळालेले कामगार तिथल्या खडकांच्या फटीत, झुडपांत लपले होते. पहिल्या गोळीबारानंतर पंधरा-वीस मिनिटांनी पोलिसांनी तिला घेरलं आणि तिथं हे दुसरे 17 मारले. तिथं टीव्हीचा कॅमेरा नव्हता. पुढं चौकशी आयोगासमोर पोलिसांनीच काढलेले फोटो आले, एकाच मृतदेहाचे दोन, आधीच्यात शेजारी काही नाही आणि नंतरच्यात शेजारी हत्यार. तुमच्या हवालदारांनी उभ्या नोकरीत पंचनामे केले असतील, त्यांना याचा अर्थ आपल्यापेक्षा जास्त कळेल.

आता तुमच्या मनगटाकडे येते. त्या दिवशी अटक झालेल्या सुमारे 270 कामगारांवर सरकारी वकिलांनी खुनाचा गुन्हा लावला. कुणाच्या खुनाचा? त्यांच्याच 34 साथीदारांच्या! जमावाचा हेतू एक म्हणून जबाबदारी सगळ्यांची, असलं एक तत्त्व वर्णभेदाच्या काळात आंदोलकांवर वापरायचे, तेच काढलं. देशभर बोंब झाल्यावर मागं घेतलं. लाठी तुम्ही खाल्ली आणि तारखाही तुम्हीच केल्या, तीच गोष्ट, फक्त तिथं मढी पडलेली होती.

आणि हे फक्त तिकडंच घडतं असं नाही. जून 1977 मध्ये आपल्याच देशात दल्ली-राजहराला, भिलाईच्या कारखान्याला लोखंडाचं खनिज पुरवणाऱ्या खाणीत, पोलीस गोळीबारात 11 जण गेले. मागण्यांमध्ये एक होती पावसाळ्याआधी झोपडी दुरुस्त करायला 100 रुपये. शंभर. नेते शंकर गुहा नियोगींना रात्री उचलून नेलं, कामगारांनी काही पोलिसांना अडवून धरलं, आमचा माणूस सोडा म्हणाले, आणि गोळीबार झाला.

मारिकानाच्या आयोगाचा अहवाल 2015 साली आला. पोलिसांची योजनाच चुकली असं त्यात आहे. त्या 34 मृत्यूंसाठी कुणाही पोलिसाला शिक्षा झालेली नाही. सिरिल रामाफोसा, जे एकेकाळी खाण कामगारांच्याच युनियनचे पुढारी, ते तेव्हा लोनमिनच्या संचालक मंडळावर होते, गोळीबाराच्या आदल्या दिवसांत कडक कारवाई हवी असे ईमेल त्यांनी केले होते. आयोगानं त्यांना दोषी धरलं नाही. 2018 ला ते राष्ट्राध्यक्ष झाले.

"अंगावर आले म्हणून" या मुद्द्यावर कट्ट्यावर हवालदारांशी भांडत बसू नका, त्यात तुम्ही अडकाल. त्यांना एकच विचारा. त्या दिवशी सकाळीच, एकही गोळी सुटायच्या आधी, पोलिसांनी चार शववाहिका मागवून ठेवल्या होत्या, त्या कशासाठी? काय म्हणतात ते मला लिहून कळवा.