वाचकांचे प्रश्न : सी भाषेत लूप लावून संख्यामालिका छापताना

(कोडच्या ओळी इथे देवनागरी अक्षरांत आणि अंकांत छापल्या आहेत. एडिटरमध्ये त्या सीच्या नेहमीच्या अक्षरांत आणि अंकांत टाइप कराव्यात.)

प्रश्न : १, २, ४, ७, ११, १६... ही मालिका पाहिली की पुढचा आकडा मला लगेच सांगता येतो, पण त्यासाठी लूप लिहायला बसलं की काही सुचत नाही. दर मालिकेसाठी वेगळी युक्ती पाठ करायची असते का?

उत्तर : युक्ती पाठ करू नका. पुढचा आकडा सांगताना तुम्ही मनात जे करता, तेच कागदावर उतरवायचं आहे. तीन रकाने आखा : कितवी फेरी, काय छापलं, पुढच्या पदासाठी काय केलं. पहिली फेरी, छापलं १, मिळवला १. दुसरी फेरी, छापलं २, मिळवले २. तिसरी फेरी, छापलं ४, मिळवले ३. चौथी ओळ लिहायच्या आधीच दिसतं की मिळवायचा आकडा आणि फेरीचा क्रमांक एकच आहे. म्हणजे फरकासाठी वेगळं व्हेरिएबलसुद्धा लागत नाही, लूपचा आय पुरतो.

इंट पद = १;
फॉर (इंट आय = १; आय <= १०; आय++) {
    प्रिंटएफ("%डी ", पद);
    पद = पद + आय;
}

स्क्रीनवर येईल : १ २ ४ ७ ११ १६ २२ २९ ३७ ४६.

आता लूपमधल्या त्या दोन ओळींची अदलाबदल करून पाहा. आधी मिळवलं आणि मग छापलं, तर २ ४ ७ ११ १६ २२ २९ ३७ ४६ ५६ असं येतं. पदं दहाच आहेत, पण सुरुवातीचा १ गायब आणि शेवटी ५६ जास्तीचा. मालिकेतलं पहिलं पद हरवलं असेल तर दुसरं काही शोधण्याआधी हा क्रम तपासा. बहुतेक वेळा चूक इथेच सापडते.

मालिका छापायच्या दोन वाटा आहेत. मागच्या पदावरून पुढचं काढायचं, ही वरची. दुसरी वाट म्हणजे क्रमांकावरून थेट पद काढायचं. उदाहरणार्थ २, ६, १२, २०, ३० मध्ये फरक ४, ६, ८, १० असे वाढतात, पण नीट पाहिलं तर प्रत्येक पद आय * (आय + १) आहे. सूत्र सोपं असेल तर मी तेच सुचवेन, कारण एका फेरीत चूक झाली तरी ती पुढच्या फेऱ्यांत वाहत जात नाही.

तुमच्या मालिकेचंही सूत्र आहे : १ + आय * (आय - १) / २. ते जसं आहे तसंच लिहा. लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार नेहमी सम असतो, त्यामुळे आधी गुणून मग भागलं तर बाकी उरत नाही. मात्र कोणी आय / २ * (आय - १) असं लिहिलं तर आय = ३ ला ३ / २ चं उत्तर पूर्णांकांत १ येतं, त्याला २ ने गुणून २, त्यात १ मिळवून ३. यायला हवं होतं ४. सम फेऱ्यांना उत्तर बरोबर येतं, विषम फेऱ्यांना बहुतेक चुकतं, म्हणून ही चूक पटकन ध्यानात येत नाही.

प्रश्न : १ ते १० छापायचा साधा लूप आहे. कंपाइल होतो, पण स्क्रीनवर फक्त ११ येतं. असं का?

उत्तर : फॉरच्या कंसापुढे सेमीकोलन पडलाय. फॉर (आय = १; आय <= १०; आय++); असं लिहिलं की लूपचं पोट त्या सेमीकोलनपाशीच संपतं. दहा फेऱ्या रिकाम्या जातात, आय ११ झाल्यावर अट मोडते आणि त्यानंतर प्रिंटएफ एकदाच चालतं. खालचे महिरपी कंस लूपचे उरलेलेच नसतात.

यावर एक साधी सवय लावून घ्या : आय बाहेर जाहीर न करता फॉरच्या कंसातच इंट आय = १ असा जाहीर करा. मग हीच चूक झाली तर लूपबाहेरच्या प्रिंटएफला आय ओळखताच येत नाही आणि कंपायलर तिथेच एरर देतो. चुकीचं आउटपुट येण्यापेक्षा ते कितीतरी बरं. असं कंसातच जाहीर करणं सी९९ पासून, म्हणजे सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकापासून चालतं. जुना कंपायलर ते नाकारत असेल तर सी९९ चा पर्याय चालू करावा लागतो.

व्हाइलपुढे असाच सेमीकोलन पडला तर परिणाम आणखी वाईट. आय वाढवणारी ओळ लूपबाहेर राहते, अट कधीच मोडत नाही आणि स्क्रीन कोरी दिसत राहते. कंट्रोल आणि सी एकत्र दाबून प्रोग्राम थांबवा.

प्रश्न : फिबोनाची मालिकेची ५० पदं छापतोय. ४७ पदं बरोबर येतात, मग एकदम उणे आकडा. मित्राच्या प्रोग्राममध्ये तर सुरुवातीपासून ०, १, २, ४, ८, १६ असंच येतं. दोघांचं काय चुकलं?

उत्तर : दोघांचे आजार वेगळे आहेत. आधी मित्राचा घेऊ. त्याने बहुधा असं लिहिलंय :

अ = ब;
ब = अ + ब;

पहिल्या ओळीनंतर अ आणि ब दोन्ही सारखेच झाले. जुना अ पुसला गेला. मग दुसऱ्या ओळीत ब मध्ये ब दोनदा मिळवला जातो, म्हणजे दर फेरीला दुप्पट. जुना अ हवा असताना तो पुसायचा नाही, म्हणून तिसरं व्हेरिएबल घ्यायचं :

पुढचं = अ + ब;
अ = ब;
ब = पुढचं;

या तीन ओळींचा क्रम बदलू नका. शंका वाटली तर अ = ०, ब = १ धरून चार फेऱ्या कागदावर चालवून पाहा.

आता तुमचं. तुमचा लूप बरोबर आहे, डबा लहान पडलाय. ३२ बिटांच्या इंटमध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात. ०, १ पासून मोजलं तर ४७ वं पद १८३६३११९०३, ते मावतं. ४८ वं पद २९७१२१५०७३, ते मावत नाही. त्याच्या जागी सहसा -१३२३७५२२२३ दिसतं, म्हणजे खऱ्या उत्तरातून २ चा ३२ वा घात वजा केलेला. सहसा म्हणायचं कारण असं की चिन्हासहित पूर्णांक ओव्हरफ्लो झाला, म्हणजे मर्यादेबाहेर गेला, तर काय व्हावं हे सीच्या प्रमाणकात ठरवलेलंच नाही. तिथून पुढच्या कुठल्याच आकड्यावर विसंबू नका.

व्हेरिएबल लाँग लाँग करा आणि प्रिंटएफमध्ये %डी च्या जागी %एलएलडी लिहा. दोन्ही बदल एकदमच करा. नुसता प्रकार बदलून %डी तसंच ठेवलं तर छापलेला आकडा पुन्हा भलताच येऊ शकतो. नुसत्या लाँगवरही समाधान मानू नका. विंडोजवर लाँग ३२ बिटांचाच असतो, ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा, त्यामुळे तोच प्रोग्राम एका यंत्रावर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक ठरतो. लाँग लाँगमध्ये ९३ व्या पदापर्यंत मजल जाते : ७५४०११३८०४७४६३४६४२९. तुमच्या ५० पदांना ते भरपूर झालं.

फॅक्टोरियलच्या (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराच्या) मालिकेत हाच ओव्हरफ्लो जास्त फसवा असतो, म्हणून तोही इथेच सांगतो. १२ चं फॅक्टोरियल ४७९००१६०० इंटमध्ये बसतं. १३ चं ६२२७०२०८०० बसत नाही, पण स्क्रीनवर साधारणपणे १९३२०५३५०४ येतं. उणे चिन्ह नाही, आकडाही मोठा, त्यामुळे बरोबर वाटतो. तपासायचं कसं? १३ च्या फॅक्टोरियलमध्ये ५ आणि १० दोन्ही गुणलेले आहेत, तेव्हा शेवटी दोन शून्यं हवीतच. इथे शेवटी ०४ आहे, म्हणजे उत्तर चूक. लाँग लाँगमध्ये २० च्या फॅक्टोरियलपर्यंत जाता येतं, २१ ला तोही कमी पडतो. आणि टर्बो सी हा जुना कंपायलर वापरत असाल तर तिथे इंट १६ बिटांचा आहे, मर्यादा ३२७६७. त्यात ८ चं फॅक्टोरियलच ४०३२० ऐवजी -२५२१६ येतं.

गुणण्याआधीच तपासणी टाकता येते. लिमिट्स हेडर जोडा (त्यातला इंट_मॅक्स म्हणजे इंटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या) आणि गुणाकाराच्या वर ही ओळ लिहा :

इफ (पद > इंट_मॅक्स / आय) ब्रेक;

गुणून झाल्यावर उणे आलं का हे पाहण्यात अर्थ नाही. १३ च्या फॅक्टोरियलने ते वर दाखवलंच आहे.

प्रश्न : ०.१, ०.२, ०.३ ... १.० छापायचे आहेत. अट एक्स != १.० दिली तर लूप थांबत नाही, एक्स < १.० दिली तरी १.० छापलं जातं. शिवाय १ - १/२ + १/३ - १/४ ... या मालिकेची बेरीज नेहमी १.०००० च येते.

उत्तर : ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही, जसे एक तृतीयांशाचे दशांशात कायम ३ लिहीत राहावे लागतात. डबलमध्ये ०.१ मध्ये ०.१ मिळवत गेलं की दहावं पद १.० होत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ होतं. ते १.० पेक्षा वेगळं, म्हणून पहिली अट मोडत नाही. ते १.० पेक्षा लहान, म्हणून दुसऱ्या अटीतूनही आत शिरतं, आणि %.१एफ ने छापताना गोल होऊन १.० दिसतं. फ्लोट घेतलात तर बेरीज १.० च्या किंचित वर जाते; तिथे अट एक्स <= १.० असेल तर १.० छापलंच जात नाही.

उपाय एकच : लूप पूर्णांकाने चालवा.

फॉर (इंट आय = १; आय <= १०; आय++)
    प्रिंटएफ("%.१एफ ", आय / १०.०);

इथे १०.० मधला टिंब मोलाचा आहे. आय / १० लिहिलं तर दोन्ही पूर्णांक, भागाकारही पूर्णांक, म्हणजे पहिल्या नऊ फेऱ्यांत ०. तुमच्या दुसऱ्या मालिकेचं दुखणंही हेच. १ / आय चं उत्तर आय = १ ला १ येतं आणि पुढे प्रत्येक वेळी शून्य. बेरीज डबलमध्ये साठवली तरी भागाकार त्याआधीच होऊन गेलेला असतो. १.० / आय लिहा.

चिन्ह उलटसुलट करण्यासाठी उणे एकचा घात काढणारं पॉव फंक्शन वापरू नका. चिन्ह = १ ठेवून सुरुवात करा, दर फेरीच्या शेवटी चिन्ह = -चिन्ह करा आणि बेरजेत चिन्ह * १.० / आय मिळवा. दहा पदांची बेरीज ०.६४५६ आली पाहिजे. तेवढी आली की लूप बरोबर.

प्रश्न : १, मग खाली २ ३, मग ४ ५ ६, मग ७ ८ ९ १० असा त्रिकोण हवा आहे. माझ्याकडे प्रत्येक आकडा स्वतंत्र ओळीवर येतो.

उत्तर : नवी ओळ देणारं \एन आतल्या लूपमध्ये आहे. ते आतला लूप संपल्यावर, पण बाहेरचा संपायच्या आधी हवं :

इंट पद = १;
फॉर (इंट ओळ = १; ओळ <= ४; ओळ++) {
    फॉर (इंट रकाना = १; रकाना <= ओळ; रकाना++)
        प्रिंटएफ("%३डी", पद++);
    प्रिंटएफ("\एन");
}

पद = १ कुठे लिहिलंय तेही पाहा. ते बाहेरच्या लूपच्या आत गेलं तर दर ओळ पुन्हा १ पासून सुरू होते : १, मग १ २, मग १ २ ३. ती वेगळी मालिका आहे. %३डी मुळे प्रत्येक आकड्याला तीन घरांची जागा मिळते आणि रकाने सरळ राहतात. दहा ओळींचा शेवटचा आकडा ५५, तेव्हा तीन घरं पुरतात. चौदा ओळींना १०५ पर्यंत जाल, तिथे चार घरं द्या.

प्रश्न : ५, २५, १२५... पॉव फंक्शनने काढून इंटमध्ये ठेवतो. एका संगणकावर २५ येतं, दुसऱ्यावर २४.

उत्तर : पॉव डबल परत देतं. काही कंपायलरांबरोबरच्या लायब्ररीत उत्तर २५ पेक्षा केसभर कमी येतं आणि इंटमध्ये टाकताना दशांश भाग कापला जातो, गोल केला जात नाही. पूर्णांकांच्या मालिकेला पॉव लागत नाही. पद = १ ने सुरू करा आणि दर फेरीला पद = पद * ५ करून छापा.

१, ११, १११ साठीही तसंच : पद = पद * १० + १. इंटमध्ये दहा एकांपर्यंत जाता येतं, अकराव्याला जागा नाही. ५, ५५, ५५५ असेल तर नऊ पाचांवरच थांबावं लागतं, कारण दहा पाच लिहिले की २१४७४८३६४७ ची मर्यादा ओलांडली.

प्रश्न : पदांमध्ये स्वल्पविराम हवा, पण शेवटच्या पदानंतर नको.

उत्तर : स्वल्पविराम पदानंतर न छापता पदाआधी छापा. लूपमध्ये आधी इफ (आय > १) प्रिंटएफ(", "); लिहा आणि मग पद छापा. पहिल्या पदाआधी तो छापला जात नाही आणि शेवटचं पद कुठलं हे आधी माहीत असण्याची गरज उरत नाही. ब्रेकने मालिका मध्येच थांबली तरी आउटपुट स्वच्छ राहतं.

प्रश्न : १० पासून ० पर्यंत उलटे आकडे छापताना ० नंतर ४२९४९६७२९५ येतं आणि लूप चालूच राहतो.

उत्तर : आय अनसाइन्ड, म्हणजे चिन्ह नसलेल्या पूर्णांकाच्या प्रकारचा आहे. अनसाइन्ड कधी उणे होत नाही, म्हणून आय >= ० ही अट सदैव खरी. शून्यातून एक वजा केला की तो गोल फिरून सर्वांत मोठ्या किमतीवर जातो. आय साधा इंट करा. अनसाइन्डच ठेवायचा असेल तर आय = ११ पासून सुरू करा, अट आय > ० ठेवा आणि छापताना आय - १ छापा.