सेल्फीच्या जमान्यात ऑटोग्राफ जमवण्यात काही अर्थ आहे का? आणि सुरुवात कशी करायची?

अर्थ आहे का ते तुमचं तुम्ही ठरवा, आमच्या घरी दर दिवाळीच्या साफसफाईला हाच प्रश्न निघतो आणि दरवेळी मी खोका उचलून दुसऱ्या कपाटात ठेवतो. पण सुरुवात कशी करायची ते सांगू शकतो कारण शाळेत असल्यापासून हा उद्योग करतोय, गायक वादक खेळाडू चित्रकार सगळे मिळून दोनशेच्या वर सह्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच माझ्याच येडेपणामुळे वाया गेल्यात. त्यामुळे काय करू नये हे जास्त चांगलं सांगता येईल.

पहिली सही २९ फेब्रुवारी १९९६ ची. पुण्याचं नेहरू स्टेडियम, वर्ल्ड कप, वेस्ट इंडिज विरुद्ध केनिया. मी सातवीत, शाळेला दांडी, मामाने कुठूनतरी दोन पास मिळवलेले. हातात नवी कोरी ऑटोग्राफची वही, ती नाही का गुलाबी-पिवळ्या-पोपटी पानांची मिळायची, आणि डोक्यात फक्त ब्रायन लारा. मॅचच्या आधी जाळीपाशी ही गर्दी, लारा काही आमच्या बाजूला फिरकला नाही, केनियाचा एक जण मात्र समोरून चालला होता तर मामा म्हणाला अरे याची घे की, मी म्हटलं नको, मला पान फुकट घालवायचं नव्हतं! त्या माणसाने आपणहून हात पुढे केला, वही घेतली, सही केली, हसला आणि गेला. पुढचं जुन्या क्रिकेटवाल्यांना माहितीच आहे. केनिया १६६ ला ऑलआउट, आजूबाजूचे लोक म्हणतायत चला आज लवकर घरी, आणि मग अख्खी वेस्ट इंडिज ९३ मध्ये गारद. लारा ८ वर, रजब अलीच्या बॉलवर विकेटकीपरच्या हातात. ७३ रननी हरले. स्टेडियम नुसतं वेडं झालेलं आणि मी वही उघडून ती सही वाचायचा प्रयत्न करतोय. अजून करतोय.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगेन, सही मिळाली की त्याच दिवशी पानाच्या मागे पेन्सिलीने कुणाची, कुठे, कधी ते लिहून टाका. पेन्सिलीनेच, कारण पेनाची शाई पलीकडे उमटते. आपल्याला वाटतं हे काय विसरणारे का, पण विसरतो. माझ्याकडे सतरा-अठरा सह्या अशा आहेत की कुणाच्या ते मलाच माहीत नाही.

आता कुठे मिळतात. सगळ्यात सोपे चित्रकार, आणि त्यांच्याकडे कुणी जात नाही हेच मला कळत नाही. मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत जा, ज्याचं प्रदर्शन असतं तो चित्रकार बहुतेक वेळा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. चित्रं नीट बघा, एखाद्या चित्राबद्दल दोन शब्द खरे बोला आणि मग कॅटलॉग पुढे करा. मला तर दोनदा सहीबरोबर छोटंसं स्केचही मिळालंय. फुकट, एंट्रीला तिकीटही नाही.

गाण्याचं जरा तारतम्याने. पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, म्हणजे तो रमणबागेत व्हायचा तेव्हापासून, मी बघितलंय की लोक कलाकार स्टेजवर जायच्या आधी गाठायला बघतात. अहो त्यांचं डोकं तेव्हा तंबोऱ्याच्या जवारीत असतं, तुमच्या वहीत कशाला असेल? गाणं झाल्यावरही लगेच नको, माणूस घामाने भिजलेला असतो, पाणी पिऊ दे, पाया पडणाऱ्यांची रांग ओसरू दे, दहा-पंधरा मिनिटं थांबलात तर तेच कलाकार निवांत दोन मिनिटं बोलतात. आणि साथीदारांना विसरू नका. एकदा एका हार्मोनियमवाल्या काकांपुढे वही धरली तर ते मागे वळून बघायला लागले, त्यांना वाटलं मागे दुसरं कुणीतरी उभंय. मग अशी सावकाश, पल्लेदार सही केली त्यांनी, खाली तारीख, शिवाय मी काय करतो कुठे राहतो सगळी चौकशी. मुख्य गायकाची सही त्याच दिवशीची आहे, ती एक रेघ आणि एक टिंब.

नाटकवाल्यांची तर आपल्याकडे रीतच आहे, प्रयोग संपला की आत रंगपटात जाऊन भेटायचं. मेकअप उतरवता उतरवता सह्या देतात बिचारे.

क्रिकेटसाठी आयपीएलच्या नादी लागू नका. हॉटेलच्या लॉबीत सिक्युरिटी उभी राहू देत नाही, बसच्या काचा काळ्या, नुसता जीव मेटाकुटीला. त्यापेक्षा रणजीच्या मॅचला जा. स्टँड रिकामे, बाउंड्रीवर फील्डिंग करणारा तुमच्यापासून दहा फुटांवर, आणि आज ज्याला कुणी ओळखत नाही तो चार वर्षांनी इंडियाकडून खेळत असतो. फक्त ओव्हर चालू असताना हाका मारू नका, टी टाइमला किंवा दिवसाचा खेळ संपल्यावर मागा.

पोस्टानेही मिळतात, म्हणजे आधी जास्त मिळायच्या. साधं पत्र, आत आपला पत्ता लिहिलेलं तिकीट लावलेलं पाकीट, आणि सही करायला एक पांढरं कार्ड. ब्रॅडमन म्हातारपणी रोज तासन्‌तास बसून जगभरच्या पत्रांना उत्तरं द्यायचे. उलट बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार, त्याने २००८ मध्ये सरळ जाहीर केलं की २० ऑक्टोबरनंतर काही पाठवू नका, सही करणार नाही. नील आर्मस्ट्राँगने पण सह्या बंद केल्या होत्या कारण लोक त्या विकायचे. त्यामुळे कुणी नाही म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका, त्यांना रोज असे लोक भेटतात जे दहा फोटो पुढे करतात आणि संध्याकाळी नेटवर विकायला टाकतात. मी तर म्हणतो आपलं नावच घालून घ्यायचं वर, 'अमुकला सप्रेम' असं. विकायची किंमत कमी होते म्हणतात, होऊ दे की.

पेनाचं लोक हलक्यात घेतात. फोटो आणि सीडीच्या गुळगुळीत कव्हरवर बॉलपेन उठत नाही, तिथे बारीक टोकाचा परमनंट मार्कर. पण तोच मार्कर क्रिकेटच्या बॉलवर वापरला की वर्षभरात शाई पसरून निळा डाग राहतो, बॉलवर साधं बॉलपेनच बरं. बॅटवर मार्कर चालतो, पण बॅट तेल न लावलेली पाहिजे. शाईपेन दिसायला छान, पण आपल्या पावसाळ्यात ओल धरली की संपलं.

आणि लॅमिनेशन करू नका!! हात जोडून सांगतो. मी एका सतारवादकांची सही मोठ्या कौतुकाने लॅमिनेट करून आणली, गरम रोलरमधून गेली ती आतच फिकी पडली आणि आता त्या प्लॅस्टिकमधून कागद बाहेर काढताही येत नाही. दुसरी एक फ्रेम करून हॉलमध्ये लावली, पश्चिमेचं ऊन थेट, तीन वर्षांत कोरा कागद. चिकट पानांचे अल्बमही नकोत. बटर पेपर, फाइल, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि कपाटाचा कोरडा कप्पा, बास. कसर लागते म्हणून सहा महिन्यांनी उघडून बघायचं.

विकत घेण्याबद्दल फार बोलत नाही, कारण माझं तोंड पोळलंय. ऑनलाइन एक 'पूर्ण टीमच्या सह्यांची' बॅट घेतली, घरी आल्यावर भिंगातून बघितलं तर सगळ्या सह्या बारीक ठिपक्यांच्या, म्हणजे छापलेल्या. खऱ्या सहीत पेनाचा दाब कमीजास्त होतो, कुठे शाई जाड कुठे फिकी. हे घेण्याआधी बघायचं असतं.

बाकी ती केनियाची सही अजून आहे, पोपटी पानावर. सुरुवातीला एक मोठं गोल आहे, बहुतेक ओ. आता त्या टीममध्ये ओटिएनो, ओडोयो, ओडुंबे, सगळेच ओ! मामा दरवेळी छातीठोकपणे ओडुंबे म्हणतो, कारण तो कॅप्टन होता आणि मॅन ऑफ द मॅचही तोच. पण मला आठवतंय, मॅचच्या आधी मामालाही त्यातलं एक नाव माहीत नव्हतं.