नळी नाही ठेवली तर रक्त साचेल का?

प्रश्न : माझ्या आईचं (वय ५८) थायरॉईड पूर्ण काढायचं ठरलंय. सर्जन म्हणतात, गळ्यात ड्रेन (आतलं रक्त बाहेर बाटलीत आणणारी नळी) ठेवणार नाही. बारा वर्षांपूर्वी माझ्या जाऊबाईंचं हेच ऑपरेशन झालं, तेव्हा दोन दिवस नळी आणि बाटली होती. आईच्या गळ्यात रक्त साचलं तर? काटकसर तर करत नाहीत ना?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : काटकसरीची शंका मनातून काढून टाका, ताई. आम्हाला शिकवलंच होतं, थायरॉईड काढलं की ड्रेन ठेवायचा. मीही वर्षानुवर्षं ठेवला.

एक रात्र मात्र विसरता येत नाही. निफाडकडच्या एक बाई होत्या, द्राक्षांची छाटणी उरकून ऑपरेशनला आलेल्या. संध्याकाळी बाटलीत जेमतेम दोन चमचे रक्त. ते बघून मी निर्धास्त घरी गेले. साडेदहाला सिस्टरचा फोन : ‘मॅडम, पेशंटला आडवं होववत नाहीये, गळा आवळल्यासारखा वाटतोय म्हणतात.’ मी पोचले तेव्हा गळा टम्म फुगलेला, बाटली संध्याकाळी होती तशीच. नळीत रक्ताची गुठळी अडकली होती. टाके तिथेच कॉटवर उघडले, गुठळ्या काढल्या आणि मग थिएटरमध्ये नेलं. बाई सुखरूप घरी गेल्या.

रक्तस्राव झालाच तर नळी तो थांबवत नाही, आणि रक्त बाहेर येईलच याचीही खात्री नसते. तिकडे आत साचलेल्या रक्ताने शिरा दबतात, स्वरयंत्राला सूज येते आणि श्वास अडतो. जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००७ च्या आढाव्यातही ड्रेनचा ठोस फायदा दिसला नाही. उलट ड्रेनवाल्यांचा दवाखान्यातला मुक्काम लांबला होता.

गाठ फार मोठी असेल, छातीत उतरलेली असेल, कॅन्सरमुळे मानेतल्या गाठीही काढायच्या असतील, तर ड्रेन आजही ठेवतात, मीही ठेवते. ऑपरेशन चालू असताना सर्जनचा बेत बदलूही शकतो; त्याने घाबरू नका. नळी बहुधा एक-दोन दिवसांत निघते, काढताना क्षणभर ओढ बसते, इतकंच.

आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात का? अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, काहीही असो, पाकीटच दाखवा. पण आपल्या मनाने बंद करू नका.

पहिल्या रात्री तुम्हीच सोबत थांबा. रक्तस्राव व्हायचाच असेल तर बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांतच होतो, त्यातही सुरुवातीचे सहा तास जास्त जोखमीचे. गळ्यावर ओढणी, शाल काही नको, गळा उघडा दिसू द्या. अधूनमधून दिवा लावून बघा, दोन शब्द बोलायला लावा. (ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर ती रक्तातलं कॅल्शियम कमी झाल्याची खूण असू शकते, तेही लगेच सांगा.) गळा फुगतोय, आवळतोय, आवाज बदललाय, उठून बसल्याशिवाय चैन पडत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी बेल दाबा. सिस्टर आली नाही तर कॉरिडॉरमध्ये जाऊन हाक मारा. रात्रीचे तीन वाजले असले तरी संकोच करू नका.