सिडनीत बीचवर पुरुषांनी स्पीडो, म्हणजे पोहायची छोटी घट्ट चड्डी, घातली तर चालतं का? आणि तिला 'बजी स्मगलर' का म्हणतात?

चालतं, बिनधास्त घाला. फक्त पाण्याच्या आसपास. वाळूवर किंवा तलावावर कोणी ढुंकूनही बघत नाही. तशीच घालून रस्त्यापलीकडच्या कॅफेत शिरलात तर मात्र लोक बघतील. तेवढ्यापुरता टॉवेल गुंडाळा.

स्पीडो हे मूळचं सिडनीच्याच एका कंपनीचं १९२८ पासूनचं नाव. पुढे झेरॉक्ससारखं झालं, कुठल्याही कंपनीची असो, स्पीडोच. कमरेऐवजी नितंबांवर बसणारी आजची छोटी चड्डी पीटर ट्रॅव्हिस या डिझायनरची, १९६० ची. ती बाजारात आली तेव्हा सिडनीच्या बाँडाय बीचवर ऑब लेडलॉ नावाचा बीच इन्स्पेक्टर होता, बायकांच्या बिकिन्यांवरही त्याची नजर असायची. त्याने १९६१ मध्ये या चड्ड्या घातलेल्या पुरुषांना असभ्य वेशाबद्दल पकडलं. प्रकरण टिकलं नाही. जघनकेस दिसत नव्हते, मग असभ्य काय, असं ठरलं! तालमीत लंगोट लावून घुमणाऱ्या आपल्या पैलवानांना या साहेबाने काय केलं असतं कोण जाणे.

बजी म्हणजे बजरीगर, ऑस्ट्रेलियातला चिमुकला पोपट. आपल्याकडे दुकानदार सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकतात तोच. तो चड्डीत दडवून नेणारा तस्कर म्हणजे बजी स्मगलर. पुढचं तुम्ही समजून घ्या. २०१६ मध्ये हा शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशातही गेला. ऑस्ट्रेलियन राजकारणी टोनी अॅबट हे सर्फ लाइफसेव्हर, म्हणजे बीचवर बुडणाऱ्यांना वाचवणारे, त्यामुळे या चड्डीतले त्यांचे फोटो पेपरात सारखे यायचे. व्यंगचित्रकारांनी त्यांना सोडलं नाही, पण माणूस २०१३ मध्ये पंतप्रधान झालाच.

हाच प्रकार दुसऱ्या देशात अंगाशी येतो. २०१६ मध्येच मलेशियात सेपांगच्या फॉर्म्युला वन शर्यतीला नऊ ऑस्ट्रेलियन तरुणांनी कपडे उतरवले, खाली मलेशियाच्या झेंड्याचं डिझाइन असलेल्या बजी स्मगलर. चार रात्री कोठडीत काढल्यावर ताकीद देऊन सोडलं. झेंडा नसता तरी मला वाटतं पोरं अडकलीच असती, कारण तिथे पाणी कुठे होतं?

दुकानात मात्र 'स्विमर्स' मागा. ब्रिस्बेनला 'टॉग्ज', मेलबर्नला 'बेदर्स'. आणि आतली नाडी घट्ट बांधा, बाँडायच्या लाटा चड्डी खेचतात.