पुष्कराज की सुनेला?
पुष्कराज (यलो सफायर) आणि सुनेला (सिट्रीन, म्हणजे पिवळे क्वार्ट्झ) हे दोन्ही पिवळे खडे शेजारी ठेवून नुसत्या रंगावरून निवाडा करू नये. सुरुवातीला मीही तिथेच फसलो होतो. खडा आधी हवेत तोलावा, मग बारीक तारेला टांगून पाण्यात बुडवून तोलावा आणि हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागावे: उत्तर ४च्या आसपास आले तर पुष्कराज, २.६५ आले तर सुनेला. काठिण्य (ओरखड्याला विरोध करण्याची ताकद, मोह्सच्या १ ते १० मापनावर) अनुक्रमे ९ आणि ७ असले, तरी ते तपासायला पैलू पाडलेल्या खड्यावर कधीही ओरखडा काढू नये. त्यापेक्षा भिंग घ्यावे, कारण रोज वापरलेल्या अंगठीतल्या सुनेल्याच्या पैलूंच्या कडा बहुधा झिजून बोथट झालेल्या दिसतात. कृत्रिम पुष्कराजाचे आकडे मात्र खाणीतल्या खड्यासारखेच येतात.