लग्नानंतर पुण्यात भाड्याच्या घरात संसार मांडताना आधी काय उरकावं?

प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला दीड महिना झालाय, दोघंही नोकरी करता, साताऱ्याजवळच्या गावातून पुण्यात वन बीएचके भाड्याने घेऊन राहायला येताय, सोसायटीत ओळखीचं कुणी नाही. आधी काय करायचं, काय नंतर केलं तरी चालेल, आणि माणसं कशी जोडायची?

बरेच जण सुरुवात सोफा आणि पडद्यांपासून करतात, आणि मग गॅस, आधार, बँक यांच्या पत्त्यासाठी महिनाभर हेलपाटे घालतात. तुम्ही भाडेकरारापासून सुरुवात करा. बाकीचे सगळे कागद त्याच खुंटीला टांगलेले असतात.

त्याच्याही आधी, गाव सोडण्यापूर्वीचं एक काम. विवाह नोंदणी झाली नसेल तर आत्ताच उरका. महाराष्ट्रात लग्नानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असते, म्हणजे तुमच्याकडे अजून दीड महिना आहे. लग्न गावात झालं असेल तर ग्रामपंचायतीत जा. लग्नपत्रिका, दोघांच्या वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही आणि तीन साक्षीदार लागतात. गुरुजी आणि साक्षीदार गावातच भेटतात. पुण्यात आल्यावर या मंडळींना एका दिवशी एका टेबलासमोर उभं करणं म्हणजे दुसरं लग्न काढण्यासारखं आहे. दाखला हातात पडला की नावांचं स्पेलिंग आधारशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. चूक तिथेच दुरुस्त होते, नंतर फार छळते.

आता करार. आपल्याकडे जो होतो तो लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी देणारा करार. ‘११ महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ असं एजंट सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची असते. नोटरी केलेला कागद बऱ्याच ठिकाणी पत्त्याचा पुरावा म्हणून चालत नाही, हा व्यवहारातला तोटा वेगळाच.

खर्च किती? मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते मुदतीतलं एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर लागतं. भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० असेल, तर ११ महिन्यांचं भाडं २,२०,००० आणि व्याज ५,५००, म्हणजे २,२५,५०० वर पाव टक्का. साधारण पावणेसहाशे रुपये होतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. उरलेलं जे काही सांगितलं जाईल ते हाताळणीचं किरकोळ शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची मजुरी. हा हिशेब माहीत असला की ‘सगळे मिळून इतके द्या’ म्हणणाऱ्याशी बोलणं सोपं जातं.

करारात दोघांचीही नावं भाडेकरू म्हणून टाका. हे मी सगळ्यात ठळक अक्षरात सांगेन. सवयीने नवऱ्याचं एकट्याचं नाव जातं, आणि मग बायकोच्या बँकेला, ऑफिसला, गॅस एजन्सीला देण्यासारखा तिच्या नावाचा एकही कागद नसतो. दोघांची नावं असतील तर दोघांनाही आपापला पत्ता बदलता येतो. जुन्या करप्रणालीत असाल तर जो जितकं भाडं खरोखर भरतो तितक्यावर घरभाडे भत्त्याची सूटही दोघं वेगवेगळी मागू शकता. त्यासाठी भाडं आपापल्या खात्यातून द्या. वर्षाचं भाडं एक लाखावर गेलं की ऑफिस मालकाचा पॅन मागतं, तो सही करतानाच लिहून घ्या.

मसुद्यात तीन ठिकाणी बोट ठेवून वाचा. नोटिशीचा काळ दोन्ही बाजूंना सारखाच आहे का. घर सोडताना रंगकामाचे किती कापणार; ‘एक महिन्याचं भाडं’ असं सरसकट लिहिलेलं असेल तर सहीआधीच घासाघीस करा, नंतर काही हलत नाही. आणि सोबतची सामानाची यादी. पंखे ४, गीझर १, किचनचा नळ १ एवढंच न लिहिता ‘बाथरूमचा फ्लश गळतो, बेडरूमच्या खिडकीची काच तडकलेली’ हेही त्यात येऊ द्या. किल्ली मिळेल त्या दिवशी, सामान यायच्या आत, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. ओट्याखालची ट्रॉली उघडून, भिंतींची ओल जवळून, विजेच्या मीटरचं रीडिंग. तो मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. डिपॉझिटची निम्मी भांडणं इथेच मिटतात.

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायचं काम मालकाचं, पण पाठपुरावा तुम्हीच करा. फॉर्म ऑनलाइन भरता येतो. सोसायटीला कराराची प्रत आणि त्या माहितीची पोच दिली की काम संपतं. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जे बिनभोगवटा शुल्क लावते ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसतं आणि ते मालकाने भरायचं असतं. तुमच्या माथी मारलं तर नम्रपणे नकार द्या.

गॅसवर थोडं जास्त लिहितो, कारण इथे नवी जोडपी सर्रास अडकतात. सासरचं कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ते गावातच राहणार, तर तुम्ही नवीन घ्या. घरून सिलेंडर उचलून आणू नका. तुमच्यापैकी कुणाच्या नावावर आधीच कनेक्शन असेल तर ते दुसऱ्या शहरात हलवण्यासाठी जुन्या एजन्सीत सिलेंडर आणि रेग्युलेटर जमा करायचा, डिपॉझिट परत घ्यायचं आणि मिळणारी ट्रान्सफरची पावती पुण्यातल्या एजन्सीत दाखवायची. शहरातल्या शहरात हलत असाल तर सिलेंडर जमा करावा लागत नाही. जुनं डिपॉझिट जुन्या दराने परत मिळतं आणि नवीन आजच्या दराने भरावं लागतं, तेव्हा फरक पडला म्हणून एजन्सीवाल्यावर डाफरू नका. घरगुती १४.२ किलोच्या सिलेंडरचं डिपॉझिट जून २०२२ मध्ये १,४५० वरून २,२०० झालं. कनेक्शन येईपर्यंत ५ किलोचा छोटा सिलेंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. दोघांच्या स्वयंपाकाला मोठा सिलेंडर दीड-दोन महिने जातो. त्याच्या आतच संपायला लागला तर नळी आणि रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा.

फ्लॅटमध्ये पाइपचा गॅस असेल तर शेगडीकडे नीट बघा. पाइपचा गॅस सिलेंडरपेक्षा कमी दाबाने येतो आणि त्याच आकारमानात उष्णताही कमी देतो, म्हणून त्याला जेटचं, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीचं, भोक मोठं लागतं. लग्नात आलेली नवी शेगडी सिलेंडरसाठी बनवलेली असते. ती तशीच पाइपला जोडली तर ज्योत मरतुकडी येते आणि कुकरला शिट्टी व्हायला वीस मिनिटं लागतात. उलट, पाइपसाठी भोकं मोठी केलेली शेगडी सिलेंडरला लावणं धोक्याचं: पिवळी, लांब ज्योत, काळी पडणारी भांडी आणि अर्धवट जळलेला वायू. जेट बदलायचं काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या, आणि काढलेली जेट कागदात बांधून जपून ठेवा. पुढचं घर सिलेंडरचं निघालं तर तीच लागतील.

गृहप्रवेशाला दूध उतू घालायचं असेल आणि गॅस आला नसेल तर इंडक्शनवर नका करू. दूध काचेवर पसरलं की बटणं बंद पडतात आणि उतू जायच्या ऐवजी शेगडीच शांत होते. त्या दिवसापुरता छोटा सिलेंडर आणा. इंडक्शनला भांडं चालेल का ते बुडाला लोहचुंबक लावून कळतं. आईने दिलेली ॲल्युमिनियमची आणि तांब्याची पातेली त्यावर तापणार नाहीत.

विजेचं कनेक्शन मालकाच्याच नावावर राहू द्या. बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या ॲपवर मागची थकबाकी तपासा आणि बिलाचा संदेश तुमच्या मोबाइलवर येईल असं करून घ्या. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३०० असे चढत जातात आणि शंभराच्या वरच्या युनिटला दर बराच चढतो. दोघांच्या घरात मुख्य खाऊ गीझर. २,००० वॅटचा गीझर पंधरा मिनिटं चालला की अर्धा युनिट. सकाळी बटण दाबून विसरणं हीच काय ती उधळपट्टी.

पाण्याचं मात्र घर ठरवण्याआधीच विचारा, आणि एजंटला नाही, वॉचमनला. वाघोली, उंड्रीसारख्या भागात उन्हाळ्यात टँकर येतात. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, पिण्याचं पाणी महापालिकेचं की बोअरचं, हे दोन प्रश्न पुरेत. बोअरचं पाणी जड असेल तर गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. गीझर मालकाचा असला तर त्याची सफाई कुणी करायची हेही करारातच लिहून टाका.

सामान: तीन लिटरचा कुकर दोघांना पुरतो, पण पाच लिटरचाही घ्या, कारण पहिल्या वर्षी दोन्हीकडची माणसं घर बघायला येणारच. त्याच कारणाने सोफ्याआधी दोन जादा गाद्या. किराणा पहिल्या महिन्याला तांदूळ ४ किलो, कणीक ६ किलो, तूरडाळ दीड किलो, तेल २ लिटर, साखर दीड किलो असा भरा आणि महिनाअखेर काय उरलं ते बघून पुढची यादी करा. दोघंही डबा नेत असाल तर कणीक संपते, तांदूळ उरतो. घरून आलेलं पोतंभर धान्य वन बीएचकेत ठेवू नका. पावसाळ्यात किडे होतात.

आता माणसं. पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान, दोघांनी मिळून तुमच्या मजल्यावरच्या आणि बरोबर खालच्या घराची बेल वाजवा. खालचं घर यासाठी की तुमचं बाथरूम गळलं तर पहिली तक्रार तिथूनच येते, आणि तोंडओळख असेल तर ती तुमच्याकडे येते, सेक्रेटरीकडे जात नाही. नाव, गाव, नोकरी सांगा आणि लगेच काहीतरी विचारा: दूध कोण टाकतं, कचरा किती वाजता नेतात, पोळीवाल्या मावशी कोण. माहिती देताना माणूस मोकळा होतो, आणि पुढच्या वेळी ‘मग, लावलं का दूध?’ असा विषय आपोआप निघतो. भाडं किती देता असं कुणी विचारलं तर हसून ‘बजेटमध्ये बसलं’ म्हणा. मालक आणि शेजारी यांच्यात तुम्ही आकडे फिरवू नयेत.

कचऱ्याला साधी गोष्ट समजू नका. ओला आणि सुका वेगळा द्या. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून वेगळं. कचरा उचलणाऱ्या ताईंचं तुमच्याबद्दलचं मत बिल्डिंगभर पोचतं.

सोसायटीच्या गणपतीची वर्गणी भाडेकरू असलात तरी द्या, आणि आरतीला दोन-तीन दिवस तरी उभे राहा. भाडेकरूंना सोसायटीच्या ग्रुपवर अनेकदा घेत नाहीत, पण गणपतीच्या ग्रुपवर हमखास घेतात. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस. पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालून बसवायला सासरची मंडळी आलीच, तर त्याच संध्याकाळी मजल्यावरच्या बायकांना बोलवा. अर्धा किलो तीळ, अर्धा किलो चिक्कीचा गूळ आणि २०० ग्रॅम दाण्याचं कूट यात सुपारीएवढे साधारण ऐंशी लाडू होतात. पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर गोळी वळली पाहिजे. टणक आवाज येईपर्यंत आटवलात तर लाडू दगड होतात. दोन घाणे करा, कारण मिश्रण गार झालं की वळत नाही.

शेवटी राहिलेले कागद, यांना घाई नाही. आधारचा पत्ता नोंदणीकृत करार जोडून ऑनलाइन बदलतो. करारात एकाचंच नाव गेलं असेल तर कुटुंबप्रमुखाच्या संमतीचा पर्याय आहे, त्यात नात्याचा पुरावा म्हणून विवाह दाखला लागतो आणि संमती ३० दिवसांत द्यावी लागते. मतदार यादीतलं नाव नवीन पत्त्यावर आणायला अर्ज क्रमांक ८. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं असेल तर माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला आधी काढा. लग्नानंतर नाव बदलणं कायद्याने बंधनकारक नाही. बदलायचं ठरवलं तर आधार, पॅन, बँक आणि पीएफ एका झपाट्यात बदला. अर्धं जुनं, अर्धं नवं ठेवलं की पीएफ काढताना आणि पासपोर्टला नावं जुळत नाहीत. बदलायचं नसेल तर कुठेच बदलू नका, आणि गॅसच्या फॉर्मवर एजन्सीवाला परस्पर सासरचं आडनाव लिहीत असेल तर तिथेच थांबवा.